बासष्ट पानांचा गोषवारा

"तू वाचलं होतंस ना?"

बाबांनी फोनवर एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, काही नाही. जरा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

झालं होतं असं. बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिकलाय, करून टाका. मेडिक्लेम मीच काढून दिला होता, चौदा महिन्यांपूर्वी. पॉलिसी म्हणजे बासष्ट पानांची इंग्रजी पीडीएफ. शुक्रवारी रात्री ऑफिसातून आल्यावर ती मी एआयला चारली, 'याचा सोप्या भाषेत सारांश दे' म्हटलं आणि चहा गाळून होईपर्यंत दीड पानाचा सुबक सारांश तयार. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डे-केअर उपचारांमध्ये समाविष्ट आहे. मी लगेच बाबांना फोन केला. करून टाका म्हटलं, पैसे मिळतात.

मिळाले नाहीत. पान ३७ वर एक कोष्टक होतं. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले २४ महिने ज्या आजारांचा खर्च मिळणार नाही त्यांची यादी. मोतीबिंदू पाचव्या ओळीत. आता गंमत बघा, सारांशात शेवटून दुसरं वाक्य होतं, 'काही विशिष्ट आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी लागू आहे.' म्हणजे सारांश खोटा नव्हता. त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. तरी ४८ हजार गेले, आणि ते बाबांच्या फिक्समधून गेले.

विमा कंपनीला शिव्या घालायला मी हे लिहीत नाहीये. कागदावर होतं, मी वाचलं नाही. पण दिवसभर सॉफ्टवेअरच लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न छळत राहिला. सारांश करणारं यंत्र नेमकं काय ठेवतं आणि काय टाकतं? हे ठरवलं कुणी? मागचे तीन-चार वीकेंड यातच गेले. जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

सुरुवात आपल्या शब्दापासून. गोषवारा हा शब्द फारसीतला. गोश म्हणजे कान. गोशवारा म्हणजे कानातला दागिना, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हिशेबाचा संक्षेप. आपण दागिना तिकडेच ठेवला आणि हिशेब उचलला. सरकारी कागदांत आणि वह्यांच्या शेवटच्या पानांवर आजही गोषवारा असतो. हिशेबाच्या गोषवाऱ्याचं एक बरं आहे, बेरीज जुळली की जुळली. भाषेतल्या गोषवाऱ्याला जुळवायला बेरीजच नसते.

आणि तो मूळ कागदापेक्षा जास्त टिकतो, हा आणखी एक त्रास. लिव्ही या रोमन इतिहासकाराने रोमचा इतिहास १४२ भागांत लिहिला. त्यातले ३५ आज हाती आहेत. बाकीच्या बहुतेक भागांत काय होतं हे कळतं ते नंतर कुणीतरी केलेल्या त्रोटक सारांशांवरून. काही सारांश तर चार-दोन ओळींचे. सारांश करणाऱ्याच्या डोक्यात 'हे मूळ ग्रंथाच्या जागी वाचलं जाईल' असं असेल का? बहुधा नसेल. मी पण शुक्रवारी रात्री 'नंतर मूळ वाचू' असंच म्हटलं होतं.

मग छापखाने आले, शास्त्रीय नियतकालिकं आली (पहिली दोन १६६५ सालची, एक पॅरिसचं, एक लंडनचं), आणि वाचणाऱ्याचा दम पुरेना. १८३० साली जर्मनीत रसायनशास्त्रातल्या लेखांचे नुसते सारांश देणारं नियतकालिक निघालं. १९०७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने 'केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स' सुरू केलं. तिथे हजारो रसायनशास्त्रज्ञ आपलं काम सांभाळून दुसऱ्यांच्या लेखांचे सारांश लिहून पाठवत. दुसऱ्या महायुद्धानंतर लेखांचा पूर इतका वाढला की माणसांच्या हाताने हे निभणार नाही असं दिसायला लागलं.

इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो. हान्स पीटर लून.

हे नाव ऐकलं नसेल तरी तुमच्या खिशात हा माणूस आहे. क्रेडिट कार्डाचा नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर वेबसाइट लगेच 'चुकीचा नंबर' म्हणते ना, ती तपासणी लूनची. मोबाइलच्या आयएमईआय नंबरातही तीच. (आधारच्या नंबरात नाही, तिथे व्हरहोफ नावाच्या गृहस्थांची पद्धत आहे. इंटरव्ह्यूमध्ये भाव खायला उपयोगी.) आपण उठता-बसता वापरतो ते हॅशिंग, त्याची कल्पना १९५३ च्या आयबीएमच्या एका अंतर्गत टिपणात मांडणाराही हाच.

जन्म १८९६, जर्मनीतलं बार्मेन. वडील मुद्रक. लून १९२४ च्या सुमाराला अमेरिकेत गेला तो कापडधंद्यातून. कापडात इंचाला किती धागे आहेत हे डोळ्यांनी मोजता येईल असं एक साधन त्याने बनवलं, ल्युनोमीटर. घरात असलेल्या बाटल्यांवरून कोणकोणतं कॉकटेल बनवता येईल हे सांगणाऱ्या एका साधनाचंही पेटंट घेतलं :) १९४१ मध्ये तो आयबीएममध्ये लागला आणि शेवटी त्याच्या नावावर ८० च्या वर पेटंट झाली. मला हा माणूस आवडतो तो यासाठी की कापड असो, दारू असो की भाषा, तो तिच्याकडे एकाच नजरेने बघतो. यात मोजण्यासारखं काय आहे?

एप्रिल १९५८ च्या आयबीएम जर्नलमध्ये त्याचा लेख आला, शास्त्रीय लेखांचे सारांश यंत्राने आपोआप तयार करण्याबद्दल. यंत्र होतं आयबीएम ७०४. लेख आधी पंचकार्डांवर, तिथून चुंबकीय फितीवर. सुमारे ५० लेखांवर त्याने प्रयोग केले, ३०० शब्दांपासून ४५०० शब्दांपर्यंतच्या.

कल्पना इतकी सरळ आहे की हसू येतं. लेखक ज्याबद्दल लिहितो ते शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो. तेव्हा शब्द मोजा. 'द', 'ऑफ', 'अँड' असले शब्द सगळ्यात जास्त येणार, ते वरून कापा. एकदा-दोनदाच आलेले शब्द खालून कापा. मध्ये उरले ते महत्त्वाचे. आता प्रत्येक वाक्यात हे महत्त्वाचे शब्द एकमेकांच्या किती जवळ आलेत ते बघा. दोघांमध्ये चारपेक्षा जास्त बिनमहत्त्वाचे शब्द नसतील तर तो एक पुंजका. पुंजक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांच्या संख्येचा वर्ग करा आणि पुंजक्यातल्या एकूण शब्दांनी भागा. सात शब्दांच्या पुंजक्यात चार महत्त्वाचे असले तर सोळा भागिले सात, म्हणजे २.३. हा त्या वाक्याचा गुण. सगळ्यात जास्त गुणांची वाक्यं उचला, मूळ क्रमाने छापा. झाला सारांश.

यंत्राला एक अक्षर कळत नाही. लूनला तेच हवं होतं. त्याचं म्हणणं असं की माणूस सारांश करतो तेव्हा त्याची पार्श्वभूमी, आवडनिवड, त्या दिवसाचा मूड हे सगळं त्यात उतरतं. एकाच लेखाचे दोन माणसं दोन सारांश करतील, आणि तोच माणूस उद्या तिसरा करेल. यंत्र रोज एकसारखं करेल.

एका रविवारी मी लूनची पद्धत पायथॉनमध्ये लिहिली. चाळीस ओळींत बसते. आणि बाबांच्या पॉलिसीवर चालवली.

जे बाहेर आलं ते बघून डोळे उघडले (मोतीबिंदूवर कोटी करायची इच्छा नव्हती, झाली). वरच्या दहा वाक्यांतली सात व्याख्यांची होती. विमाधारक म्हणजे कोण, कंपनी म्हणजे कोण, रुग्णालय कशाला म्हणावं. साहजिक आहे, हे शब्द पानापानावर. आणि 'कॅटरॅक्ट' हा शब्द अख्ख्या बासष्ट पानांत किती वेळा? चार. फक्त चार. लूनच्या खालच्या कात्रीने तो पहिल्याच फेरीत कापला गेला होता. बाबांच्या दृष्टीने पॉलिसीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द पॉलिसीच्या दृष्टीने किरकोळ होता!

आजची एआय शब्द मोजत नाही हे मला ठाऊक आहे. पण दुखणं त्याच जातीचं आहे. कागदात काय मोठं आहे आणि मला काय मोठं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी.

लूनला हे कळलं नव्हतं असं नाही. त्याच लेखात त्याने एक सोय सुचवून ठेवली आहे. वाचणाऱ्याला एखाद्या विषयातच रस असेल तर त्या विषयाच्या शब्दांना आधीच जादा वजन द्या, म्हणजे सारांश त्या बाजूला झुकेल. आपण ज्याला आज प्रॉम्प्ट म्हणतो त्याचं हे आजोबा म्हणायला हरकत नाही. मी 'कॅटरॅक्ट' आणि 'मंथ्स' या दोन शब्दांना दहापट वजन दिलं आणि तीच चाळीस ओळींची गोष्ट पुन्हा चालवली. पहिल्या क्रमांकावर डे-केअरचं वाक्य आलं. दुसऱ्या क्रमांकावर पान ३७. अठ्ठावन्न सालची पद्धत, एक अक्षर न कळणारी, आणि तिने मला ते पान दाखवलं. कारण यावेळी मी नीट विचारलं होतं.

लूनच्या सारांशात आणखी एक गुण होता. वाक्यं मूळचीच. यंत्र स्वतःचं काही लिहीतच नव्हतं, त्यामुळे शंका आली तर मूळ लेखात तेच वाक्य शोधून मागचं-पुढचं वाचता येई. आज एआय स्वतःच्या शब्दांत लिहिते, आणि कधीकधी कागदात नसलेलंही लिहून जाते. म्हणून मूळ वाक्यं उचलण्याची पद्धतच बरी, असं मला दोन दिवस वाटत होतं. मग एम्सची तार आठवली.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली ही गोष्ट. १३ जुलै १८७०. प्रशियाचा राजा विल्हेल्म एम्स या गावी हवापालटाला गेलेला. स्पेनच्या रिकाम्या गादीवर राजाच्या घराण्यातला एक राजपुत्र बसणार म्हणून फ्रान्स चिडलेला होता, पण त्या राजपुत्राचं नाव मागेही घेतलं गेलं होतं. तरी फ्रान्सचा राजदूत बेनेदेत्ती सकाळी फिरायला निघालेल्या राजाला गाठतो आणि म्हणतो, पुढे कधीही असं होऊ देणार नाही अशी कायमची हमी द्या. राजा नाही म्हणतो. नंतर अधिकाऱ्याबरोबर निरोप देतो की नाव मागे घेतल्याची खात्रीची बातमी मलाही मिळाली आहे, आता आणखी बोलण्यासारखं काही नाही. हे सगळं राजाच्या वतीने आबेकेन नावाच्या अधिकाऱ्याने तारेने बर्लिनला बिस्मार्कला कळवलं, आणि वाटल्यास प्रसिद्ध करा अशी मुभाही दिली.

बिस्मार्क तेव्हा सेनापती मोल्टके आणि युद्धमंत्री रून यांच्याबरोबर जेवत होता. त्याने तार वाचली, पेन्सिल घेतली आणि ती छोटी केली. आठवणींत तो सांगतो की मी शब्द घातला नाही, बदलला नाही, फक्त कापले. (मूळ तार शेजारी ठेवून वाचली तर हे अगदी तंतोतंत खरं नाही, थोडी जुळवाजुळव आहे. पण मुख्य काम कात्रीचंच.) कापलं काय? राजाने नकार का दिला ते. बातमी मिळाली होती ते. बोलण्याचा सूर. उरलं काय? राजदूताने मागणी केली, राजाने त्याला पुन्हा भेटायला नकार दिला आणि अधिकाऱ्याकरवी कळवलं की आणखी काही सांगायचं नाही. जर्मनांनी वाचलं तर वाटावं की राजदूताने उद्धटपणा केला. फ्रेंचांनी वाचलं तर वाटावं की आमच्या राजदूताला दारातून हाकललं. त्यात आणखी भर म्हणजे निरोप्या जो 'अ‍ॅडज्युटंट', तो जर्मनीत राजाच्या दिमतीचा वरिष्ठ अधिकारी. फ्रेंचमध्ये तोच शब्द साध्या हवालदाराच्या दर्जाचा.

१९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. सप्टेंबरात सेदानला सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला, आणि जानेवारी १८७१ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. युद्ध एका तारेने झालं असं म्हणणं बालिशपणाचं होईल. दोन्हीकडे दारूगोळा आधीच साठलेला होता. पण ठिणगीला गोषवारा होता हे खरं.

तेव्हा वाक्यं मूळची असली म्हणून सारांश प्रामाणिक ठरत नाही. 'का' आणि 'कुठल्या अटीवर' हे कापलं की उरलेली खरी वाक्यंही फसवतात. माझ्या दीड पानात डे-केअर राहिलं आणि २४ महिने 'काही विशिष्ट आजार' या तीन शब्दांत विरघळले, ते याच चालीने. फरक इतकाच की बिस्मार्कला काय करतोय ते माहीत होतं.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, कारण इथे कुणाचा वाईट हेतू नव्हता आणि तरीही कात्री दिसते. पुण्यातलं पेशवे दफ्तर म्हणजे मोडी कागदांचा डोंगर. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींमधून उतारे निवडले. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर जो निबंध वाचला त्याच्यामागे हे उतारे होते. रानड्यांना बघायचं होतं राज्यकारभार कसा चालत होता, कर, न्याय, नाणी, समाज. पुढे १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसायांनी त्याच दफ्तरातून ४५ खंड काढले आणि त्यांत भर राजकारणावर, मोहिमांवर. आणि आणखी काही दशकांनी हिरोशी फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकाने वाडांचे तेच छापील उतारे आणि इतर कागद घेऊन वेगळंच विचारलं. सरकार आणि जात यांचा व्यवहार काय होता? खेड्यात कोण कोणाचं काय देणं लागत होतं? डोंगर एकच. प्रश्न बदलला की वेगळे कागद वर येतात. आणि वाडांनी जे उतारे निवडलेच नाहीत ते, पुन्हा कुणी दफ्तरात उतरेपर्यंत, कुणाच्याच प्रश्नाला उत्तर देणार नाहीत.

संगणकवाल्यांना हे कळायला बराच वेळ लागला. १९६९ मध्ये एडमंडसनने लूनच्या पुढे जाऊन चार गोष्टी तपासल्या. वारंवार येणारे शब्द, शीर्षकातले शब्द, 'महत्त्वाचं', 'निष्कर्ष' असे खुणेचे शब्द, आणि वाक्याची जागा. गंमत म्हणजे लूनचा लाडका शब्दमोजणीचा भाग वगळून उरलेले तीन एकत्र केले तेव्हा सारांश सगळ्यात बरे आले. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी शब्दांच्या वजनाचा विचारच उलटा केला. शब्द जितक्या कमी कागदांत सापडतो तितका तो जास्त सांगतो. सर्च इंजिनं यावर उभी राहिली. आणि सारांशांबद्दल त्यांनी १९९९ मध्ये जे लिहिलं ते मला आधी कुणी वाचायला द्यायला हवं होतं. त्यांचा आग्रह असा की सारांश कोणासाठी आणि कशासाठी हे माहीत नसेल तर तो चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही.

मग २००४ मध्ये टेक्स्टरँक, गूगलच्या पेजरँकची कल्पना वाक्यांना लावलेली. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर. आणि त्यावर बांधलेली आजची मॉडेल्स, जी मजकूर वाचून स्वतःच्या शब्दांत लिहितात. हा भाग तुम्हाला माहीत आहे, ओलांडतो.

फक्त 'जागा' या मुद्द्यावर परत येतो. लूनच्याच कंपनीत, त्याच वर्षी, त्याच जर्नलमध्ये फिलिस बॅक्सेंडेल यांचा एक लेख आहे. त्यांनी २०० परिच्छेद तपासले. ८५ टक्के परिच्छेदांत मुख्य वाक्य पहिलं होतं, ७ टक्क्यांत शेवटचं. म्हणजे वाचायला वेळ नसेल तर सुरुवात आणि शेवट बघा, आपण परीक्षेत करायचो तेच. आता २०२३ चा एक शोधनिबंध घ्या. नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मॉडेल्सना लांब मजकूर देऊन प्रश्न विचारले. उत्तर मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर मॉडेल ते चांगलं वापरत होती. मध्ये असेल तर घसरत होती. त्यानंतर मॉडेल्स बरीच सुधारली आहेत, पण माझ्यापुरतं एक लक्षात राहिलं. शास्त्रीय लेख लिहिणारा महत्त्वाचं वाक्य पुढे आणतो कारण त्याला ते वाचलं जायला हवं असतं. विम्याची पॉलिसी लिहिणाऱ्याला असली घाई नसते. बासष्टपैकी सदतिसावं पान. अगदी मध्य नाही, पण कुणी सहज पोचेल असंही नाही.

आणखी एक. २०२५ मध्ये उवे पीटर्स आणि बेंजामिन चिन-यी यांनी दहा मॉडेल्सकडून शास्त्रीय लेखांचे सारांश करवून घेतले आणि ते मूळ लेखांशी ताडून बघितले. अनेक मॉडेल्स मूळ निष्कर्ष जास्त सरसकट करून सांगत होती. 'या रुग्णांमध्ये, या प्रमाणात, असं दिसलं' याचं 'हे औषध गुणकारी आहे' होतं. त्याहून बेकार म्हणजे 'अचूक सारांश दे, चुका टाळ' असं बजावलं की सरसकटपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. मी पण दुसऱ्या खेपेला 'नीट वाचून सांग' असं लिहिलं होतं. हाताखालच्या ज्युनिअरला 'नीट कर रे' म्हणण्यासारखंच ते, त्यात माहिती शून्य.

आता मी काय करतो ते सांगतो. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

'सारांश दे' म्हणणं सोडलं. आधी माझा प्रश्न स्वतःला लिहून काढतो, माणसासकट. 'वय ६४, पॉलिसी अमुक तारखेला सुरू, अमुक महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन, खर्च मिळेल का, कुठल्या कारणाने नाकारला जाऊ शकतो?' यातला शेवटचा तुकडा मोलाचा आहे. मिळेल का असं विचारलं की एआय मिळण्याची वाक्यं गोळा करते. नाकारतील का असं विचारलं की अटी वर येतात. म्हणून दोन्ही विचारायचं, वेगवेगळं, आणि शक्यतो नव्या चॅटमध्ये. कारण आधीच्या उत्तराशी इमान राखण्याची तिला खोड आहे.

प्रत्येक विधानामागे पान नंबर आणि मूळ वाक्य जसंच्या तसं मागायचं. मग ते वाक्य पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ करून शोधायचं. सापडलं नाही तर ते विधान बाद. सापडलं तर त्याच्या वरचा आणि खालचा परिच्छेद स्वतः वाचायचा, हे बिस्मार्कसाठी. याला पाच मिनिटं लागतात, आणि बासष्ट पानं वाचण्यापेक्षा ती कितीतरी कमी आहेत. त्यामुळे एआय फुकट गेली असं होत नाही. तिचं काम मला पानापर्यंत नेऊन सोडण्याचं.

मोठा कागद एकदम टाकण्याऐवजी प्रकरणाप्रकरणाने देतो. आणि कोष्टकं वेगळी काढून. पीडीएफमधून मजकूर काढताना कोष्टकाच्या ओळी-रकाने कसे विस्कटतात हे एकदा स्वतः कॉपी-पेस्ट करून बघा. पान ३७ चं मी बघितलं. वरचं 'पहिले २४ महिने' हे शीर्षक एकीकडे आणि आजारांची यादी भलतीकडे, मध्ये पानाचा तळमजकूर घुसलेला. तशा अवस्थेत ते मलाही कळलं नसतं. स्कॅन केलेली पानं असतील तर विचारूच नका.

असो. खूप लांबलं. (याचा सारांश कुणी एआयकडून करून घेतला तर मला जरूर दाखवा.)

उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पण डॉक्टर म्हणाले घाई नाही, वर्षभर थांबता येईल. गेल्या रविवारी मी पॉलिसी पुन्हा उघडली आणि वर लिहिलं तसं विचारलं. २४ महिने भरल्यावर खर्च मिळेल, पण मध्ये नूतनीकरणात खंड पडता कामा नये, पान ३८. आणि एका डोळ्याला ४० हजारांच्या वर नाही, पान ५१. हे दुसरं तर मला पहिल्या खेपेला स्वप्नातही नव्हतं. दोन्ही पानं उघडून वाचली. मग साताऱ्याला फोन लावला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थांब, चष्मा घेतो. पान कितवं म्हणालास?"